गुडघा किती वाकला, हे रबराला कसं कळतं?

हातातलं स्मार्ट घड्याळ पावलं मोजतं, नाडी मोजतं, झोपही मोजतं. हेच घड्याळ घालून एखादी बाई उसाच्या फडात उतरली तर? ती सरीत उभी राहते, कमरेत वाकून उसाच्या बुडाशी कोयता घालते, सरळ होऊन वाढं छाटते, पाचट काढते आणि पुन्हा वाकते. दिवसभर पाय फार हलत नाहीत. घड्याळ फार तर कोयत्याच्या घावांनाच पावलं समजेल. कमर शेकडो वेळा वाकली, हे त्याच्या गावीही नसेल.

घड्याळात असतो त्वरणमापक. मनगटाला बसणारे झटके आणि हेलकावे तो टिपतो. मनगट हललं की त्याला कळतं, पण कमर आणि गुडघा मनगटापासून लांब असतात. मग सांध्याचं वाकणं मोजायचं कसं?

प्रयोगशाळेत त्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. अंगावर चमकणारे ठिपके चिकटवायचे, चारही बाजूंनी कॅमेरे लावायचे आणि संगणकाकडून कोन काढून घ्यायचे. पण हे कॅमेरे फडात नेता येत नाहीत, डोंगरातल्या पायवाटेवर तर नाहीच नाही. म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत संशोधकांनी वेगळी वाट धरली. सांध्यावर एक मऊ, ताणली जाणारी पट्टी चिकटवायची. गुडघा वाकला की त्यावरची कातडी ताणते, कातडीबरोबर पट्टी ताणते आणि पट्टी ताणली की तिच्यातून जाणारी वीज बदलते. ही किमया साधते रबरात मिसळलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वाहक कणांमुळे.

सुरुवात कारखान्याच्या काट्यापासून

ही कल्पना मुळात जुनी आहे, आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या अगदी ओळखीच्या जागी ती रोज काम करते. ती जागा म्हणजे साखर कारखान्याचा वजनकाटा.

उसाने भरलेली ट्रक किंवा बैलगाडी काट्यावर चढते आणि समोर आकडा उमटतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्याखाली पोलादी ठोकळे असतात. वजन पडलं की ते किंचित दबतात, म्हणजे मूळ उंचीच्या हजाराव्या भागाइतके किंवा त्याहूनही कमी. त्या ठोकळ्यांवर धातूच्या पातळ पत्र्याची नागमोडी पट्टी पक्की चिकटवलेली असते. ठोकळ्याबरोबर पट्टीही ताणते किंवा दबते आणि तिचा रोध बदलतो. रोध म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. तार लांब आणि बारीक झाली की रोध वाढतो, आखूड आणि जाड झाली की कमी होतो.

तार ताणल्यावर तिचा रोध बदलतो, हे लॉर्ड केल्विन यांनी 1856 मध्ये दाखवून दिलं होतं. त्यावरून चिकटवता येणारी मोजपट्टी तयार व्हायला 1938 साल उजाडलं. अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे बनवली. तेव्हापासून पूल, विमानांचे पंख आणि वजनकाटे या पट्टीच्या भरवशावर चालत आले आहेत.

मग हीच पट्टी गुडघ्यावर का लावायची नाही? कारण धातू फार ताणत नाही. मूळ लांबीच्या चार-पाच टक्क्यांपलीकडे ओढलं की पट्टी कायमची वेडीवाकडी होते किंवा तुटते. सांध्यावरची कातडी मात्र तीस टक्क्यांहून जास्त ताणली जाते. शिवाय धातूच्या पट्टीतला बदलही छोटा असतो. ती एक टक्का ताणली तर रोध साधारण दोन टक्के वाढतो. ताणाच्या किती पट रोध बदलतो, त्या आकड्याला आपण संवेदनांक म्हणू. धातूच्या पट्टीचा संवेदनांक सुमारे 2 असतो.

म्हणजे उसाचं वजन मोजायला लागणारं तंत्र आपल्याकडे कधीच येऊन बसलं. तो ऊस तोडणाऱ्या कमरेला मात्र कातडीइतकीच मऊ, कातडीबरोबर ताणणारी पट्टी हवी होती.

पाचट आणि मुंगी

रबर हवं तितकं ताणतं, पण त्यातून वीज जात नाही. धातूतून वीज जाते, पण तो ताणत नाही. उपाय सरळ वाटतो: रबरात वाहक कण मिसळायचे. मात्र ते किती मिसळायचे, इथेच सगळी मेख आहे.

ऊस तोडून झाल्यावरचं रान डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर पाचट पसरलंय. एका मुंगीला या बांधावरून त्या बांधावर जायचंय, पण मातीला पाय न लावता, फक्त पाचटावरून. पाचट विरळ असेल तर मुंगी अडकते, कारण एका पातीचं टोक दुसरीला लागतच नाही. थोडं थोडं पाचट टाकत गेलो तरी बराच वेळ काही फरक पडत नाही. मग एक वेळ अशी येते की मूठभर पाचट आणखी टाकलं आणि एकदम या बांधापासून त्या बांधापर्यंत सलग वाट तयार झाली. त्यापुढे पाचट वाढेल तशा वाटा वाढत जातात.

रबरातही अगदी असंच होतं. वाहक कणांचं प्रमाण एका ठरावीक मर्यादेखाली असेल तर वीज जवळपास जातच नाही. ती मर्यादा ओलांडली की वीज अचानक वाहू लागते. या मर्यादेला जोडणीचा उंबरठा म्हणू.

आता समजा रानच रबराचं आहे आणि आपण ते दोन्ही बांधांकडून ओढलं. एकमेकांवर टेकलेल्या पाती घसरून दूर होतात. काही वाटा तुटतात, मुंगीला वळसा पडतो. रान सैल सोडलं की पाती पुन्हा एकमेकींना टेकतात आणि वाटा जुळतात. पट्टीत मुंगीच्या जागी वीज असते. ताणलं की वाटा कमी होतात आणि रोध वाढतो, सोडलं की रोध उतरतो.

यातून दोन गोष्टी उलगडतात. पहिली म्हणजे लांबट पातींना वाट जुळवायला कमी माल लागतो. पाचटाचा बारीक भुसा केला तर तेवढीच वाट बनवायला कितीतरी जास्त भुसा पसरावा लागेल. म्हणूनच गोल कणांपेक्षा लांब नळ्या आणि तारा संशोधकांना आवडतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाचटाचा जाड थर दिला तर रान ओढूनही मुंगीला फरक पडत नाही, कारण हजार वाटा शिल्लक असतात. थर उंबरठ्याच्या जरा वर असेल तर मात्र थोड्या ओढीनेही तिची पंचाईत होते. म्हणजे उत्तम वाहक रबर ही वाईट मोजपट्टी ठरते. मोजपट्टीसाठी जाळं असं लागतं की ते ताणाच्या प्रमाणात तुटेल आणि सोडलं की पुन्हा जुळेल.

मुंगीची गोष्ट एका ठिकाणी अपुरी पडते. दोन कणांमधली फट एक-दोन नॅनोमीटर असेल, तर ते एकमेकांना न टेकताही इलेक्ट्रॉन ती फट पार करू शकतात. फट जराशी रुंदावली की ही शक्यता झपाट्याने घसरते. त्यामुळे हलक्या ताणानेही रोधात ठळक बदल दिसतो.

पातींची जागा कोण घेतं?

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. या मापाच्या वाहक पदार्थांपैकी चार नावं वारंवार येतात.

काजळी. दिव्यावर वाटी धरून पाडतात ती काजळी म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कणच. कारखान्यात बनवलेली अशीच काजळी टायरच्या रबरात असते. ती सर्वांत स्वस्त, पण गोल कणांमुळे जास्त लागते.

कार्बनच्या नळ्या. कार्बनच्या अणूंची जाळी गुंडाळून झालेली नळी काही नॅनोमीटर जाड आणि तिच्या हजारो पट लांब असू शकते. जपानचे सुमिओ इजिमा यांनी 1991 मध्ये या नळ्यांचं सविस्तर वर्णन केल्यावर जगाचं लक्ष तिकडे वळलं.

ग्राफीन. कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव यांनी 2004 मध्ये तो ग्राफाइटपासून चिकटपट्टीने सोलून काढला. 2010 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

चांदीच्या नॅनोतारा. यांतून वीज फार सहज वाहते आणि त्या रबराच्या दोन थरांमध्ये बसवता येतात. अडचण एकच: घरातल्या चांदीप्रमाणे त्याही काळवंडतात.

या वस्तू अंगावर वापरता येतात, हे 2011 मध्ये जपानच्या त्सुकुबा इथल्या एआयएसटी संस्थेने ठळकपणे दाखवलं. तिथल्या संशोधकांनी कार्बन नळ्यांचा पातळ थर लवचिक पट्टीवर बसवला. ही पट्टी 280 टक्क्यांपर्यंतचा ताण मोजू शकली. मोजे, पट्ट्या आणि हातमोजे यांवर तिला बसवून त्यांनी माणसाच्या हालचाली टिपल्या.

2014 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी केलेला प्रयोग आणखी साधा होता. त्यांनी दुकानात मिळतात तसे रबरबँड घेतले. ते टोल्युइन या द्रावकात भिजवले, तसं रबर फुगलं आणि त्यात बारीक वाटा मोकळ्या झाल्या. मग ते ग्राफीनच्या द्रवात ठेवले. फुगलेल्या रबरात ग्राफीनचे पापुद्रे शिरून बसले. धुऊन वाळवल्यावर रबरबँड पुन्हा आकसला आणि आत वाहक जाळं अडकून राहिलं. त्याचा संवेदनांक 35 पर्यंत गेला. बोटाच्या हालचालीपासून श्वासापर्यंत आणि नाडीच्या ठोक्यापर्यंत सगळं त्याने टिपलं.

पेन्सिलने करून बघा

हे तत्त्व घरी तपासता येतं. 6बी किंवा 8बी पेन्सिल घ्या. जाड कागदावर बोटभर रुंद पट्टा गडद होईपर्यंत घासा. पेन्सिलीचं शिसं म्हणजे मातीत मिसळलेलं ग्राफाइट, आणि ग्राफाइटमधून वीज जाते. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा साधा मल्टिमीटर ओहमवर लावून पट्ट्याच्या दोन टोकांना त्याच्या पिना धरा. एक आकडा दिसेल.

आता पट्टा बाहेरच्या बाजूला येईल असा कागद वाकवा. पट्टा ताणला जातो आणि आकडा चढतो. उलट बाजूला वाकवा, पट्टा दबतो आणि आकडा उतरतो. कागदावरच्या ग्राफाइटच्या खवल्यांचं अंतर बदललं, एवढंच झालं. पेन्सिलच्या रेघांपासून अशा मोजपट्ट्या करता येतात, असा शोधनिबंधही 2014 मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

कागद बऱ्याचदा वाकवून सरळ करा. आकडा नेमका सुरुवातीच्या जागी परत येत नाही असं दिसेल. संशोधकांची खरी डोकेदुखी ती हीच.

पट्टीपासून कोनापर्यंत

पट्टी स्वतः फक्त रोध बदलते. तिला बारीक प्रवाह देऊन तो बदल वाचणारी चिप, एक छोटी बॅटरी आणि मोबाइलला आकडे पाठवणारं ब्लूटूथ एवढा संच सोबत लागतो. सुरुवातीला प्रत्येक माणसासाठी पट्टी जुळवून घ्यावी लागते. पाय सरळ असताना आकडा किती, काटकोनात असताना किती, हे नोंदवलं की मधले कोन काढता येतात. गुडघ्याची ठेवण आणि कातडी प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे एकाचा हिशेब दुसऱ्याला चालत नाही.

याचा उपयोग कळायला आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेकडे पाहू. त्याची शर्यत 3000 मीटर स्टीपलचेस. तीत 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतलं. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाचेच धावपटू नेत होते, ती साखळी त्याने तोडली. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळालं.

अशा शर्यतीत पस्तीस वेळा उडी आणि पस्तीस वेळा जमिनीवर उतरणं आलं. उतरताना गुडघा किती वाकतो, डाव्या-उजव्या पायांत फरक पडतो का, दमल्यावर शेवटच्या फेऱ्यांत तो कोन बदलतो का, हे प्रशिक्षकाला डोळ्यांनी नीट दिसत नाही. गुडघ्यावरची पट्टी प्रत्येक उडीचा आलेख देऊ शकते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायाम करणाऱ्या रुग्णालाही ती तेवढीच कामाची. फिजिओथेरपिस्ट कोनमापक लावून गुडघा मोजतात, पण ते मोजमाप भेटीपुरतंच असतं. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात दाखवून गावी परतलेला रुग्ण घरी खरोखर किती वाकवतो, हे पुढच्या फेरीपर्यंत कोणाला कळत नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. ही पट्टी कोन सांगते, भार सांगत नाही. रिकाम्या हाताने वाकलेली कमर आणि तीस-चाळीस किलोंची मोळी उचलताना तेवढीच वाकलेली कमर पट्टीला जवळपास सारखीच दिसेल. भार कळायला पायातल्या बुटात किंवा चपलेत दाब मोजणारा वेगळा थर लागतो. दोन्ही आकडे जोडले तरच मणक्यावर काय गुदरतंय याचा अंदाज येतो.

फडात उतरल्यावर

प्रयोगशाळेत दहा हजार वेळा ताणूनही टिकलेली पट्टी फडात दुपारपर्यंत टिकेल याची खात्री नसते. पहिला शत्रू घाम. घामात मीठ असतं, त्यातून वीज जाते. तो पट्टीत शिरला तर रोधाचा आकडा भलतंच बोलू लागतो, आणि चिकटवलेली कडही सुटते. यावर उपाय म्हणून पट्टी सिलिकॉनच्या दोन थरांत बंद करतात. मग आतला घाम बाहेर जात नाही आणि कातडीला खाज सुटते, म्हणून काही संशोधक वाहक धागाच कापडात विणतात.

दुसरा शत्रू तापमान. पहाटेच्या गारठ्यात कामाला सुरुवात होते आणि दुपारी ऊन चढतं. नुसत्या तापमानानेही रोध बदलतो, मग हा आकडा वाकण्याचा की उन्हाचा? यावर तोडगा म्हणजे शेजारी तशीच पण न ताणणारी दुसरी पट्टी ठेवायची. ऊन दोघींना सारखंच लागतं, म्हणून दोघींतला फरक घेतला की उन्हाचा परिणाम वजा होतो.

तिसरी अडचण रबराच्या स्वभावातच आहे. ताणताना आणि सैल होताना ते एकाच वाटेने जात नाही. परत येताना थोडं मागे रेंगाळतं. त्यामुळे एकाच कोनाला वाकताना एक आणि सरळ होताना दुसरा आकडा येतो. हळू चालीत हे चालून जातं, वेगाच्या हालचालीत चूक वाढते.

याशिवाय उसाची कुसळं, धूळ आणि मुक्कामाच्या कोपीवर रात्री चार्जिंगची सोय आहे की नाही हा प्रश्न आहेच. पट्टी जुनी झाल्यावर ती टाकायची कुठे, हेही ठरवावं लागेल. लांब, ताठ कार्बन नळ्या श्वासातून फुप्फुसात गेल्या तर अपाय होऊ शकतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. रबरात बंद असेपर्यंत धोका कमी, पण पट्टी पाचटाबरोबर जाळून चालणार नाही.

| थोडक्यात |
|---|
| सांधा वाकला की कातडी ताणते, कातडीवरची पट्टी ताणते आणि पट्टीचा रोध वाढतो. |
| वजनकाट्यातली धातूची पट्टी चार-पाच टक्केच ताणते. सांध्यासाठी वाहक नॅनोकण मिसळलेलं रबर लागतं. |
| कणांचं जाळं उंबरठ्याच्या जरा वर असेल तेव्हा पट्टी सर्वांत संवेदनशील असते. |
| पट्टी कोन सांगते, भार सांगत नाही. |
| घाम, ऊन आणि रबराचं रेंगाळणं हे आकडा बिघडवणारे तीन मुख्य घटक आहेत. |

आकडा कोणाच्या हाती?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि ती टनांच्या हिशेबाने फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबातला एक कोयता. या व्यवहारात शरीराचे आकडे मुकादमाच्या मोबाइलवर गेले, तर कोण किती वेळ सरळ उभं राहिलं याचाच जाब विचारला जाईल. कमरेच्या काळजीसाठी आणलेली पट्टी कमरेवरच उलटेल.

म्हणून प्रत्येक कामगाराच्या अंगावर कायमची पट्टी लावण्याची गरजच नाही. थोड्या जणांनी, स्वतःच्या राजीखुशीने, काही दिवस ती लावली तरी पुरेल. एका आठवड्यात नेहमीचा कोयता, दुसऱ्या आठवड्यात लांब दांड्याचा. एकदा मोळी डोक्यावरून गाडीवर चढवायची, एकदा तिरप्या फळीवरून किंवा यंत्राने. कशात कमर कमी वाकते आणि काम किती मंदावते, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडता येतात. वजनकाट्याच्या आकड्यावरून मजुरी ठरते. कमरेच्या आकड्यावरून हत्यारं आणि मोळीचं वजन ठरवायला सुरुवात झाली, तर रबरातल्या या जाळ्याचा फडाला खरा उपयोग होईल. त्यासाठी मोजमापाची रीत ठरवताना, आणि निकाल वाचतानाही, कोयता चालवणारी माणसं बैठकीत हवीत.